आधी डोळा, मग बंदूक

माझ्याकडे येणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, "मॅडम, किती लांब जाते?" मी सांगते, दहा मीटर. त्याचा चेहरा उतरतो. दहा मीटर म्हणजे आमच्या गोदामाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्याच्या मनात असतं, वैनगंगेच्या या काठावरून त्या काठावर.

मी बंदुका विकत नाही, हे आधीच सांगून टाकते. लोकांना त्यांची पहिली बंदूक निवडून देते. शाळेत जन्मभर खेळाची शिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर भंडाऱ्याच्या समोर, पुलापलीकडे कारध्याला, एका बंद पडलेल्या राइस मिलचं गोदाम भाड्यानं घेतलं आणि तिथं नेमबाजीची रेंज सुरू केली. भिंतीच्या फटींतून अजूनही तूस निघतो. झाडताना वैताग येतो, पण तुसाची पोती टार्गेटमागे रचली की छर्रा मुकाट्यानं आत जाऊन बसतो. दारावर पाटी आहे. पाटीवर माझ्या नावापुढे बी.ए., बी.पी.एड. असं ठळक लिहिलेलं आहे. कोणी हसलं तर हसू द्या. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "मंग हे कितवी झाली?" मी म्हटलं, पंधरावी. मरेपर्यंत ते सिहोऱ्याच्या बाजारात सांगत राहिले, आमची पोरगी पंधरावी पास आहे. ती पंधरावी मी पाटीवरून खाली उतरवणार नाही.

बंदूक पहिल्यांदा हातात घेतली ती कॉलेजातच, कॅडेटच्या तुकडीत. पोटावर झोपून नेम धरायचा. रायफल माझ्या मापापेक्षा लांब होती. मान ताणून ताणून मी माशी शोधायचे. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो छोटासा खुंटा, नेम धरताना जो टार्गेटवर आणायचा असतो. घरी आले की खांदा निळा झालेला असायचा. मला वाटायचं, नेमबाजी म्हणजे खांदा दुखणं. बंदूक मापाची नाही, हे कोणी सांगितलंच नाही, कारण बंदूक मापाची असते हेच कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते फार नंतर, आणि तेव्हापासून माझं कामच ते होऊन बसलं.

आपल्याकडच्या माणसाला बंदूक म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, रानडुक्कर आणि वाढदिवसाचा फोटो. तुमसरचे एक धानाचे व्यापारी मुलासाठी रायफल घ्यायला आले होते. सगळ्यांत मोठी, दुर्बीण लावलेली, आणि आवाज करणारी पाहिजे म्हणाले. मी विचारलं, मुलगा किती उंच? तर म्हणाले, "वाढते ना तो अजून. थोडी मोठीच घेऊ." आमच्याकडे सगळंच वाढत्या अंगाचं घेतात. शाळेचा शर्ट, चपला, सायकल. शर्टाच्या बाह्या दुमडता येतात. बंदूक दुमडता येत नाही. पोरगा तिच्यामागे वर्षभर मान ताणत बसतो, आपल्याला जमत नाही असं समजतो आणि सोडून देतो. व्यापाऱ्यांना हे पटवायला दोन चहा लागले. मग त्यांनी हळूच विचारलं, "शेतावर डुकरं येतेत, त्यायच्यासाठी चालन का?" मी त्यांना दाराबाहेर नेऊन पाटीखालची ओळ दाखवली. ही कमी ताकदीची छर्ऱ्याची रायफल आहे, हिला सरकारचा परवाना लागत नाही, पण माझा लागतो. प्राण्यावर, पाखरावर रोखणार नाही असं कबूल करेल त्यालाच इथं शिकता येईल.

दुसरे बपेऱ्याचे एक शेतकरी. त्यांच्या पोरीची रायफल चांगली निवडलेली होती, अगदी मापाची. दसऱ्याला त्यांनी नांगर, विळा, कुऱ्हाड यांच्याबरोबर तीही पुजली. कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, तिथवर ठीक होतं. मग कुऱ्हाडीच्या दांड्याला लावतात तसं घरच्या जवसाचं तेल प्रेमानं आतबाहेर चोपडलं, नळीत सोडलं, चापात सोडलं. जवसाचं तेल लाकडावर सुकलं की काचेसारखं घट्ट होतं, म्हणूनच लाकडाला लावतात. चाप जागच्या जागी बसला. ती गाठ सोडवताना मी त्यांच्यावर रागवायचं ठरवलं होतं. पण ते म्हणाले, "घरात येनारी वस्तू हाये, बिनतेलाची कशी ठेवावं?" मला रागवता आलं नाही.

तर मापाची बंदूक कशी ओळखायची, ते सांगते. दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी मागचा भाग, कोपराच्या खळगीत टेकवायचा आणि हात पुढं न्यायचा. बोट सहज चापावर पोचलं तर लांबी बरोबर. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा आणि डोळे उघडायचे. माशी समोर दिसली तर ही बंदूक तुमची. तिला शोधावं लागलं तर दुसऱ्या कोणाची. किंमत, रंग, परदेशी की देशी, हे सगळं त्यानंतर.

पण या सगळ्याच्या आधी डोळा. माणसाचे दोन डोळे सारखे नसतात. एक मालक असतो आणि दुसरा त्याच्या मागं चालतो. उजव्या हाताच्या माणसाचा मालक डोळा डावाही असू शकतो, आणि तसं असेल तर सगळी निवडच बदलते. म्हणून माझा नियम आहे, आधी डोळा बघायचा आणि मग बंदुकीला हात लावायचा. डोळा बघताना घरच्या माणसांनी बाहेर बसायचं, कारण आमच्याकडे विचारलं एकाला तर उत्तर चौघं देतात. हा नियम आता गावोगाव माहीत झाला आहे. हेच सांगायला मी लिहायला बसले. त्या नियमाच्या आधारानं एक म्हातारा माणूस आपल्या बायकोला माझ्याकडे घेऊन आला होता.

मोतीरामभाऊ आणि भागरताबाई सिहोऱ्याजवळच्या एका खेड्यातले. धानाची शेती, मुलं कामासाठी बाहेर. दोघंही साठीच्या पुढचे. भाऊ उंच, कमी बोलणारे, डोक्याला पांढरा दुपट्टा. बाई ठेंगण्या आणि त्यांच्या वाट्याचंही बोलणाऱ्या. आल्या आल्या भाऊ म्हणाले, "बाई, हिच्यासाठी बंदूक घ्याची हाये."

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. बाई म्हणाल्या, "मीच त आहो. मंडईत पाहा तुमी माहा नेम."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की एकेका गावाची मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक असतं. त्या दुकानांत एक फुगेवाला असतोच. फळीवर फुगे टांगलेले आणि समोर छर्ऱ्याची जुनी बंदूक. भागरताबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून मंडईत फुगे फोडत आल्या. सासू नाक मुरडायची, गावातले बाप्ये हसायचे, आणि मोतीरामभाऊ छर्रे भरून देत बाजूला उभे राहायचे. पुढं पुढं फुगेवाले त्यांना ओळखू लागले. एकजण तर म्हणायचा, बाई, तुम्ही शेवटी या, माझे फुगे राहू द्या.

भाऊंनी हे सगळं मला बाईंच्या देखत सांगितलं, आणि बाई लाजून पदर नीट करत बसल्या. मग म्हणाल्या, "मुलगा फोनवर म्हनते, आईले बंदूक कायले? मी म्हटलं, तुह्या बापाले विचार."

भाऊ म्हणाले, "मी देऊन राहिलो. बस."

मी भाऊंना बाहेर चहाच्या टपरीवर पाठवलं आणि बाईंना रेषेवर उभं केलं. समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावला. दोन्ही हात पुढं करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायला सांगितली आणि तिच्यातून कागद पाहायला सांगितलं. खिडकीतून माझ्याकडे डावा डोळा बघत होता. मी मनात म्हटलं, झालं, डावी आहे. तसे पुष्कळ असतात. फक्त पक्कं करायला म्हटलं, "आता डावा मिटा. उजव्यानं दिसते कागद?"

"दिसते ना."

त्या फार लवकर बोलल्या. इतक्या वर्षांत मुलांचं 'समजलं ना' ऐकून माझा कान तयार झाला आहे. मी तसंच भिंतीपाशी गेले, पाठमोरी उभी राहिले आणि कागद काढून घेतला. बाजूला झाले.

"आता?"

"दिसते म्हटलं ना. पांढरा कागद हाये."

भिंत रिकामी होती, आणि तुसानं ती पिवळीच पडलेली आहे. कागद माझ्या हातात होता. मी तो घडी घालून खिशात ठेवला आणि येऊन बाईंच्या बाजूला बसले. डावा डोळा उघडल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मग हळूहळू सांगितलं. मागच्या मंडईत एकही फुगा फुटला नव्हता. सगळ्यांना वाटलं, बंदूक खराब. बाईंना कळलं होतं. उजव्या डोळ्यापुढं आधी कडेनं धुकं आलं, मग ते आत आत सरकत गेलं. आमच्याकडे डोळ्याला डोरा म्हणतात. "डोरा गेला माहा," असं त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या. का, ते विचारलं तर म्हणाल्या, "माह्या मायचे डोरे असेच गेले. मंग तिले खाटेवर बसवलं. हात नको लावू, चुलीजवर नको येऊ, पडशीन, जरशीन. सात लोकायचा सयपाक करनारी बाई होती ते. बसून बसूनच मेली. मले नाई बसाचं, बाई. तुमी यायले नका सांगू."

मी वचन दिलं नाही. मी एवढंच म्हटलं की माझा नियम आहे. डोळ्याच्या डॉक्टरचा कागद आल्याशिवाय मी बंदूक निवडून देत नाही. खरं तर असा नियम मी तोवर केलेला नव्हता. तो त्याच क्षणी केला आणि आजवर पाळते.

त्यांना पाणी देऊन मी बाहेर आले. भाऊ टपरीपाशी उभेच होते. चहा तसाच हातात, वर साय धरलेली. त्यांनी बंदुकीचं काही विचारलं नाही.

"कोनता डोरा निंगाला?"

"डावा," मी म्हटलं. तेवढं तर कोणालाही सांगितलं असतं.

त्यांनी मान हलवली. "मंग उजवा गेला म्हना."

भाऊंनी चहा खाली ठेवला आणि स्वतःच सांगू लागले. वर्ष झालं, त्यांना माहीत होतं. बाई उजवीकडून आलेल्या माणसाला दचकायच्या. उजव्या बाजूची चौकट खांद्याला लागायची. सुपातले खडे उजवीकडचे राहून जायचे आणि भाताच्या घासात यायचे. भाऊ ते खडे गुपचूप काढून ठेवायचे. चालताना तेच उजवीकडे राहू लागले. दोनदा म्हणाले, चल डॉक्टरकडे. दोन्हीदा भांडण झालं, चार दिवस अबोला. तिसऱ्यांदा म्हणायचं धाडस झालं नाही.

"मंग पुतन्या सांगे का कारध्याले एक मास्तरीन बाई हाये, ते बंदुकीच्या आधी डोरा पायते. आन घरच्यायले बाहेर काढते. मी म्हटलं, मले नाई सांगत त नाई. कोनाले त सांगू दे."

मी विचारलं, "म्हणजे बंदूक घ्यायची नव्हतीच?"

त्यांना वाईट वाटलं. "असं काहून म्हनता? बंदूक घेनंच हाये. थे खरी गोष्ट. जिंदगीभर दुसऱ्याच्या बंदुकीनं मारलं तिनं."

आता माझी पंचाईत बघा. आत बसलेली बाई नवऱ्यापासून लपवत होती. बाहेर उभा असलेला नवरा, आपल्याला माहीत आहे हे बायकोपासून लपवत होता. मध्ये मी, बी.ए., बी.पी.एड. नवराबायकोच्या मध्ये उभं कसं राहायचं, ते कोणत्याच वर्गात शिकवलं नव्हतं. मी भाऊंना म्हटलं, तुम्हीच आत जा. मी इथं चहा पिते.

मी खरंच चहा पीत होते. पण टपरीवरून गोदामाचं उघडं दार दिसतं, आणि रिकाम्या गोदामात बोललेलं घुमत बाहेरपर्यंत येतं. भाऊ आत गेले आणि बाईंच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. बराच वेळ दोघं समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होते, बसची वाट बघत बसावं तसे. मग भाऊ म्हणाले, "भागरता, डावा चांगला हाये म्हनते बाई. त्यालेच धरून चालू."

बाईंनी त्यांच्याकडे तोंड वळवलं. उजवीकडे बसलेल्या माणसाला पाहायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागली. "तुमाले माहीत होतं?"

"हाव."

"कवापासून?"

"मंडईपासून."

"आन मले बंदूक घेतो म्हनून आनलं. फसवून."

"हाव," भाऊ म्हणाले. बाईंनी त्यांच्या दंडावर एक चापट मारली, आणि मग तो दंड सोडलाच नाही.

त्याच दिवशी मी दोघांना भंडाऱ्यात माझ्या ओळखीच्या डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंना काचबिंदू होता. मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूनं एकदा नेलेलं परत मिळत नाही. उजवा गेलेलाच होता. डाव्याची कड खायला सुरुवात झाली होती, पण मधली नजर शाबूत होती. औषधाचे थेंब रोज सकाळ-संध्याकाळ घालायचे, जन्मभर, एकही दिवस न चुकता. मग हा डोळा राहू शकतो, असं डॉक्टर म्हणाल्या. 'राहील' म्हणाल्या नाहीत, 'राहू शकतो' म्हणाल्या. तो फरक भाऊंनी बरोबर ऐकला. घरात आईचा असा आजार असेल तर चाळिशीनंतर डोळे तपासत जावं, हेही त्यांनी सांगितलं, ते वाचणाऱ्यांसाठी इथं लिहून ठेवते. परतताना बाईंनी मला एवढंच विचारलं, "मंग डाव्या खांद्यावर बंदूक लावता येते का?"

धान कापणी झाल्यावर दोघं पुन्हा आले. डॉक्टरचा कागद भाऊंनी पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवला.

साठी उलटलेल्या माणसाला खांदा बदलायला लावणं सोपं नाही. बाईंचा हात आपोआप उजवीकडे जायचा. पहिले काही आठवडे त्या स्वतःलाच रागवत होत्या. "अवो, इकडं. इकडं म्हनतो ना," असं स्वतःच्या हाताला म्हणायच्या. मी रेंजची जुनी रायफल दिली होती. शिकताना नवी घ्यायची नाही, हाही एक नियम. हळूहळू खांदा बसला, गाल बसला, श्वास सोडून अर्ध्यावर थांबणं जमलं. आणि मग एक गंमत झाली. छर्रे सगळे एका जागी पडू लागले, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे. पण काळ्या गोळ्यात नाही. त्याच्या वर, उजवीकडे, प्रत्येक वेळी तिथंच.

मी माशी तपासली, खांदा तपासला, बंदूक स्वतः चालवून पाहिली. बंदूक सरळ होती. शेवटी विचारलं, बाई, तुम्ही नेम कुठं धरता?

"उजवीकडं वरतं," त्या म्हणाल्या, जणू हे काय विचारणं झालं. "बंदूक खाली डावीकडंच मारते ना."

मंडईतली बंदूक तशीच असते. फुगेवाला नळी जराशी वाकवून ठेवतो, फुगे लवकर संपू नयेत म्हणून. जन्मभर बाईंनी त्या वाकड्या नळीचा हिशोब धरून नेम साधला होता. वाकडेपणा त्यांच्या हातात इतका मुरला होता की सरळ बंदूक त्यांना चुकीची वाटत होती. मी सांगितलं, हिचा नेम जिथं धराल तिथंच लागेल. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "असी असते बंदूक?"

मग काळ्या गोळ्यावर नेम धरून चाप ओढला. छर्रा मधोमध गेला. त्यांनी रायफल खाली ठेवली आणि भाऊंना म्हणाल्या, "पाहा. मी कवापासून फुगेवाल्याची चुकी भरून राहिली होती."

भाऊ म्हणाले, "तरी फोडत होती ना."

निवडीचा दिवस आला तेव्हा मी नागपूरच्या दुकानातून तीन रायफली मागवून ठेवल्या होत्या. एक हवेच्या नळकांड्याची. तिच्यात आधीच हवा भरून ठेवतात, त्यामुळे धक्का बसत नाही, नेम गोड लागतो. पण हवा भरायची सोय खेड्यात नाही, आणि हातपंपानं भरायची तर पैलवान लागतो. ती बाजूला राहिली. उरल्या दोन स्प्रिंगच्या. स्प्रिंगच्या रायफलीत प्रत्येक छर्ऱ्याला नळी मोडून खाली दाबायची, मग आतली स्प्रिंग ताणली जाते. पहिली खास डाव्या खांद्यासाठी केलेली. गाल टेकवायची जागा डावखुऱ्यासाठी कोरलेली. बाईंनी डोळे मिटून खांद्याला लावली, डोळे उघडले, माशी समोर. मी मनात म्हटलं, हीच. कोपर, मान, वजन, सगळं बसत होतं. इतकी बरोबर बसणारी रायफल मी फार थोड्यांना निवडून दिली आहे.

दुसरीचा दस्ता दोन्ही बाजूंनी सारखा होता. डाव्याला चालेल, उजव्यालाही चालेल, पण कोणालाच अगदी आपली वाटणार नाही. ती मी फक्त तुलनेसाठी ठेवली होती. बाईंनी तीही खांद्याला लावली. मग उतरवून भाऊंच्या हातात दिली.

"तुमी लावा."

"मी कायले?"

"लावा म्हटलं ना."

भाऊंनी उजव्या खांद्याला लावली. कशीबशीच, पण लागली. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हेच द्या."

मी समजावलं. माझा सगळ्यांत जुना नियम आहे, बंदूक एकाची असते. दोघांच्या मापाची बंदूक म्हणजे कोणाच्याच मापाची नाही. पहिलीवर तुमचा नेम जास्त चांगला लागेल, हे मी लिहून देते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग तळहात पुढं केले. रोवणीनं, म्हणजे भातलावणीनं, बोटांचे सांधे सुजून वाकलेले. "हे नळी माह्यानं मोडत नाई, बाई. तुमी पायलं आहे. मोडाले हेच लागतीन मले. मंग बाजूले उभे राहून नुसते छर्रेच देतीन का? आतापावतर तेच केलं यायनं."

भाऊ रायफल हातात घेऊन तसेच उभे होते, आणि दुसरीकडे कुठं तरी बघत होते. बाईंनी सारख्या दस्त्याची रायफल घेतली. निवडणारीच्या नजरेनं सांगते, निवड चुकली. अजूनही गाल टेकवताना बाईंना मान जराशी जास्त वाकवावी लागते, आणि ते पाहून माझा जीव तुटतो.

आता दर महिन्याला दोघं येतात. सकाळची पहिली बस धरून निघतात, आधी डॉक्टरकडे डोळ्याचा दाब मोजून घेतात आणि मग पूल ओलांडून माझ्याकडे. सकाळचे थेंब त्या दिवशी इथंच येऊन घालतात. थेंब घातल्यावर काही मिनिटं डोळे मिटून बसावं लागतं, नंतरही थोडा वेळ धूसर दिसतं. बाई बाकावर बसतात, डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून. भाऊ शेजारी बसून समोर काय चाललंय ते सांगत राहतात. मागच्या खेपेला कॉलेजची एक मुलगी सराव करत होती.

"पोरगी हाये एक. कागदाच्या वरतं मारून राहिली."

"गाल उचलत असन," बाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. मी पाहिलं, खरंच उचलत होती.

थोड्या वेळानं बाईंनी डोळे उघडले. मी त्यांची लेन मोकळी ठेवली होती, टार्गेट लावलं होतं. पण त्यांनी टार्गेटकडे पाहिलंच नाही. आधी नवऱ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"अवो, गुंड्या पाहा. वरची खाली लावली तुमी."

"लागली असन," भाऊ म्हणाले.

"मांगच्या बारीलेबी असंच. लहान आहा का आता?" असं पुटपुटत बाईंनी त्यांच्या शर्टाच्या गुंड्या एकेक काढल्या आणि पुन्हा नीट लावून दिल्या. बोटं वाकडी, गुंड्या बारीक, पण एकही चुकली नाही. मग त्या उठून रेषेवर गेल्या.

भाऊ जरा मागे राहिले. मी हसत म्हटलं, भाऊ, घाईत निघता का घरून?

त्यांनी बायकोकडे एकदा पाहून घेतलं. मग आवाज अगदी बारीक करून म्हणाले, "तिनं डोरे मिटले का लावून ठेवतो तसी. डॉक्टरीन त नंबर सांगते, बाई. मले नंबर समजत नाई, गुंड्या समजतेत."

तिकडून बाईंनी हाक मारली, नळी कोण मोडणार म्हणून. भाऊ लगबगीनं गेले, त्यांनी रायफल मांडीला टेकवून नळी मोडून दिली, आणि बाईंनी छर्रा स्वतःच्या हातानं भरला.